मदत हवी आहे: बेळगावच्या मच्छे-पिरनवाडी-उद्यमबाग भागात बाबांना निवांत बसून जेवता येईल अशी साधी जागा

नमस्कार. आम्ही मच्छेला राहतो. घरात मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि माझे बाबा. बाबा ७८ वर्षांचे आहेत. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर ते टिळकवाडीतलं घर बंद करून आमच्याकडे आले.

सकाळी साडेनऊला मी कामावर निघते. नवऱ्याची शिफ्ट असते आणि मुलगा शाळेत. दुपारी बाबा एकटेच. मी भात, आमटी, भाजी करून झाकून ठेवते. संध्याकाळी येऊन बघते तर अर्धं तसंच उरलेलं. डबाही लावून पाहिला. स्वयंपाक चांगला होता, पण तोही तसाच परत जायचा. शेवटी एकदा ते म्हणाले, "अगं, समोर कुणी नसलं की घास उतरत नाही." रविवारी आम्ही चौघं बसलो की हेच बाबा दोन भाकऱ्या खातात. म्हणून वाटलं, जवळपास एखादी खानावळ सापडली तर दुपारी ते स्वतः जाऊन जेवतील. चार माणसं दिसतील, कुणी तरी ओळखीनं "या बसा" म्हणेल.

शहरातली नावाजलेली ठिकाणं मला ठाऊक आहेत. नियाजची बिर्याणी, कॅम्पातला कुंदा, पाहुणे आले की गोकाकचा करदंट, हे सगळं आम्हीही खातो. नेटवर शोधलं तरी हीच यादी पुन्हा पुन्हा समोर येते. मला हवं आहे ते रोजचं जेवण, तेही खानापूर रोडवर, तिसऱ्या रेल्वे गेटपासून मच्छेपर्यंतच्या पट्ट्यात.

आतापर्यंत काय काय पाहिलं तेही सांगते, म्हणजे तीच ठिकाणं पुन्हा सुचवली जाणार नाहीत. एका उडपी हॉटेलात इडली-सांबार छान मिळतं, पण तिथे उंच टेबलांपाशी उभं राहूनच खायचं. बाबांच्या गुडघ्यांना पाच मिनिटंही ते सोसत नाही. एक फॅमिली रेस्टॉरंट पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याला कठडा एकाच बाजूला, आणि मेनूत पनीरचे वीस प्रकार. रस्त्यावरच्या एका धाब्यावर गेलो, तिथे भाजीवर बोटभर तेल तरंगत होतं आणि जेवण यायला पाऊण तास लागला.

चौथी जागा मात्र जवळजवळ जमली होती. ज्वारीची भाकरी, एणगाई म्हणजे भरली वांगी, हेसरकाळ पल्या म्हणजे आपली मुगाची उसळ, शेंगा चटणी, दही. बाबा अगदी खूश. पण आम्ही दीडला गेलो होतो. कारखान्यांची जेवणाची सुट्टी तेव्हाच होते. जागा मिळावी म्हणून लोक जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना अर्ध्या तासात परत जायचं असतं. पण पाठीमागे माणूस उभं आहे म्हटल्यावर बाबा ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तो दिवस अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आणखी दोन अडचणी. बाबांना कवळी आहे, त्यामुळे कडक भाकरी चावत नाही. आणि रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे मीठ कमी लागतं. शंभर-सव्वाशे रुपयांपर्यंत रोजचं ताट परवडेल. शाकाहारी असलं तर बरं, पण तशी अट नाही. बाबांना कन्नड फर्डं येतं. मला कामापुरतं येतं, पाटी वाचताना मात्र अडते.

कुणाच्या घरातली वडीलधारी माणसं अशी रोज बाहेर जेवत असतील तर कृपया सांगा. ठिकाण माहीत नसलं तरी कसं शोधावं, कुणाला विचारावं, एवढं सांगितलंत तरी पुष्कळ आहे.

---

प्रतिसाद १ (वडगावहून)

ताई, तुमची ती चौथी जागा सोडू नका बघा. जागा बरोबर हाय, वेळ तेवढी चुकली. मी उद्यमबागेत बावीस वर्षं काम केलंय. सुट्टी व्हायच्या आधी, सव्वाबाराला जावा. तवा नुकतंच सुरू झालेलं असतंय. भाकरी तव्यावरनं थेट ताटात पडते आणि मालकाला दोन शब्द बोलायला सवड असते. दीडला गेलं तर तोही बिचारा काय करणार ओ?

कवळीचं म्हणालात म्हणून सांगतो. आपल्याकडे दोन तऱ्हेच्या भाकऱ्या असतात. एक खडक रोट्टी, वाळवून कडक केलेली, पापडासारखी मोडते. दुसरी बिसी रोट्टी, गरम आणि मऊ. काही न बोलता बसलं की हाताला येईल ती वाढतात. बसल्या बसल्या "बिसी रोट्टी ऐतेन्री?" म्हणून विचारायचं. बाबांना कन्नड येतंय म्हणजे काळजीच नाही.

प्रतिसाद २ (शहापूरहून)

मी आणि माझ्या सासूबाईंनी नऊ वर्षं खानावळ चालवली. आता बंद केली. आमच्याकडे असे तीन आजोबा रोज यायचे, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा आणि गल्ल्यावर न बोलता आत चुलीपाशी जे कोण असेल त्यांच्याशी बोला. ताट तिथेच ठरतं. "उप्पू कडिमी, खारा कडिमी हाकरी" म्हणजे मीठ कमी, तिखट कमी घाला, असं एकदा सांगितलं तरी मोठ्या पातेल्यातली भाजी काही बदलत नाही, हे आधी समजून घ्या. पन्नास माणसांची भाजी एकदाच होते. पण पातळ भाजी अर्धी वाढता येते, दही जास्त देता येतं, आणि चटणी, लोणचं, पापड ताटात न घालणं तर कुणालाही जमतं. खानावळीतलं मीठ जास्त करून तिथेच असतं. शेंगा चटणी आम्ही रोज कुटायचो, तिला मीठ लागतंच. बाबांना आवडत असेल तर चिमूटभर घ्या म्हणावं, वाटीभर नको.

आणि महिन्याचे पैसे आगाऊ द्या, निदान पंधरा दिवसांचे. याचा फायदा पैशांपेक्षा वेगळा आहे. नेहमीचं माणूस एक दिवस आलं नाही की आमच्या लक्षात यायचं. एक आजोबा सलग दोन दिवस दिसले नाहीत, तेव्हा सासूबाईंनी मुलाला त्यांच्या घरी पाठवलं होतं. ताप होता. तुमचा फोन नंबर तिथे देऊन ठेवा.

प्रतिसाद ३ (अनगोळहून)

वरचे दोन्ही सल्ले चांगले आहेत. माझी एक शंका. मच्छेहून बाबा एकटे बसने येणार का? खानापूर रोडवर बस मिळते, पण दुपारी पायरी चढताना हात धरायला कुणी नसेल तर पावसाळ्यात धोका आहे. निदान पहिले आठ दिवस कुणी तरी सोबत हवं. तुम्ही गेलात तर कर्नाटकातल्या बायकांना मोफत प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे साध्या बसला तुमचं तिकीट लागणार नाही, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. नाही तर ओळखीचा रिक्षावाला ठरवा. तो रोज बाराला दारात आला की बाबांनाही निघायची सवय लागेल.

---

धागा काढणारीकडून, अठरा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, कारण नीट जमल्यावरच सांगायचं ठरवलं होतं.

त्याच चौथ्या जागी पुन्हा गेलो. मी तीन दिवस अर्धी रजा टाकली. सव्वाबाराला आत दोनच माणसं होती. शहापूरच्या ताईंनी सांगितलं तसं मी थेट आत गेले. भाकऱ्या थापणाऱ्या मावशींना सगळं सांगितलं, कवळी, मीठ, मागचा प्रसंगही. त्यांनी पीठ लागलेल्या हातानंच भिंतीकडेचं टेबल दाखवलं आणि म्हणाल्या, "अज्जांना तिथं बसवा, तिथं मागं कुणी उभारत नाही." एवढी साधी गोष्ट आम्हा कुणाला सुचली नव्हती.

आता पैसे पंधरवड्याचे देते. मच्छेतलाच एक रिक्षावाला नेतो आणि तासाभरानं परत आणतो. ताटाचा खर्च परवडतो, रिक्षाचा थोडा जड जातो. म्हणून बुधवारी आणि शनिवारी बाबा घरीच जेवतात. त्या दिवशी शेजारच्या काकूंना मी जेवायला बोलावते. बाबांना तिथे त्यांच्या जुन्या फाउंड्रीतले एक मोल्डर भेटले, तेही रोज येतात. दोघं मिळून एकच वाटी दही घेतात, कारण दुसरी उरते म्हणे. परवा रात्री बाबांनी मला विचारलं, "उद्या एणगाई असेल का गं?" आई गेल्यापासून जेवणाबद्दल त्यांनी स्वतःहून विचारलेलं हे पहिलंच.

अजून एक मदत हवी आहे. ही खानावळ रविवारी बंद असते आणि रात्रीही नसते. रविवारी संध्याकाळी कोल्हापूरहून भाऊ, वहिनी आणि दोन मुलं येतात. आम्ही आठ जण होतो. तळमजल्यावर, बसायला पाठीची खुर्ची, पोरांना आवडेल असं काही आणि बाबांना साधा वरण-भात, हे सगळं एकाच ठिकाणी मिळेल अशी जागा तिसऱ्या गेटच्या आसपास कुणाला माहीत आहे का? भाताबद्दल बाबांचं एकच म्हणणं आहे. तो येळ्ळूरच्या बाजूच्या आपल्या बासमतीचा असावा, ताट समोर आलं की वास यायला हवा.