मदत हवी आहे: व्हर्च्युअल पियानोवर जॅझ रेकॉर्ड करताना आवाज तडतडतो

नमस्कार मंडळी,

घरी लॅपटॉपला ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (वाजवलेले स्वर सॉफ्टवेअरला कळवणारा) जोडून एफ स्केलमधला १२ बारचा ब्लूज रेकॉर्ड करतोय. बफर (आवाज बाहेर पडण्याआधी लॅपटॉप साठवून ठेवतो तो तुकडा) ५१२ सॅम्पल ठेवला की ४४.१ किलोहर्ट्झला जवळजवळ १२ मिलिसेकंद एकट्या बफरमध्येच जातात, इंटरफेसचा उशीर वेगळा. कॉर्ड्स चालून जातात, पण स्विंगमध्ये (जॅझच्या लांब-आखूड लयीत) ऑफबीटचा, म्हणजे दोन ठोक्यांमधला, स्वर बोटाच्या मागे पडतो आणि हात आपोआप घाई करू लागतो. १२८ वर आणलं तर वाजवायला छान वाटतं, पण पेडल दाबून धरलं की तडतड सुरू. पेडलमुळे जुने स्वर वाजत राहतात आणि प्रोसेसरवर ताण येतो, एवढं कळलं. मग पॉलिफनी (एका वेळी किती स्वर वाजू शकतात ती मर्यादा) ६४ वर आणू का? स्वर मध्येच तुटतील अशी भीती वाटते.

क्वांटाइझ करून (सॉफ्टवेअरने स्वर नेमक्या ठोक्यावर सरकवून) बघितलं, स्विंगचा सगळा डौलच गेला. तो मार्ग नकोच.

आणखी एक. हलक्या घोस्ट नोट्स (जेमतेम ऐकू येतील असे वाजवायचे स्वर) एकतर ऐकूच येत नाहीत, नाहीतर दणकून वाजतात. व्हेलॉसिटी कर्व्ह (पट्टी किती जोरात दाबली की किती मोठा आवाज, हे ठरवणारी सेटिंग) कीबोर्डमध्ये बदलायचा की पियानोच्या सॉफ्टवेअरमध्ये? विंडोज आहे, आवाजाचा उशीर कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर टाकलाय, रॅम ८ जीबी. बाबांच्या पंचाहत्तरीला हे ऐकवायचंय, कोणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा.