शेतावरच्या दोन पिल्लांना नावे कोणती द्यावीत?

बांधावरची तूर (नागपूर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. उमरेडहून भिवापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडे आत आमचे साडेसहा एकर शेत आहे. तूर, कापूस आणि थोडी मिरची ही तिथली पिके. मी नागपूरला मानेवाडा भागात राहतो आणि शनिवार-रविवारीच शेतावर जाऊ शकतो. बाकीचे दिवस आमचे सालगडी भाऊ आणि वहिनी शेतातल्याच घरात राहून सगळे सांभाळतात. गेल्या हंगामात रानडुकरांनी आणि रोह्यांनी (नीलगायींनी) तुरीचे फार नुकसान केले, आणि रात्रीच्या जागलीसाठी माणूस मिळणे आता जवळपास अशक्य झाले आहे. म्हणून गावातल्याच एका कुत्रीची दोन पिल्ले आम्ही शेतावर आणली आहेत. दोन्ही अडीच महिन्यांची आहेत. नर भुरा असून त्याचे तोंड काळे आहे. मादी संपूर्ण काळी, फक्त पुढच्या उजव्या पंजावर तिला एक पांढरा ठिपका आहे.

नावांवरून घरात एकमत होत नाही. आमचे कुलदैवत खंडोबा असल्यामुळे नराचे नाव वाघ्याच असावे, असा वडिलांचा आग्रह आहे, कारण आजोबांच्या काळापासून आमच्या शेतावरच्या प्रत्येक कुत्र्याचे तेच नाव होते. मुलीने रिओ आणि लूना ही नावे सुचवली आहेत, तर पत्नीला मादीसाठी मिरची हे नाव आवडते. माझे म्हणणे एवढेच की, नाव कामाला यावे. दोन पिल्ले एकत्र वाढत असताना त्यांची नावे कशी असावीत, नाव निवडताना कोणत्या चुका टाळाव्यात, आणि वडिलांच्या शब्दाचा मान कसा राखावा, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

नावाचा इतक्या गांभीर्याने विचार करणारे शेतकरी मला सेवेत असताना फार थोडे भेटले, म्हणून सविस्तर लिहितो. तीस वर्षांहून अधिक काळ मी तालुक्याच्या दवाखान्यांतून काम केले. डुकराच्या सुळ्याने फाटलेली जी कुत्री टाके घालण्यासाठी माझ्यासमोर आणली गेली, त्यांच्या मालकांचे बोलणे बहुतेक वेळा एकच असे : "आवाज दिला जी, पण वळलाच नाही." डुकरामागे जाण्यासाठी कुत्र्याला नावाची गरज नसते, ते आपणहून धावते. नाव लागते ते त्याला परत बोलावण्यासाठी. सुळेवाला नर एकदा वळून उभा राहिला की कुत्र्याचे पोट फाटायला क्षण पुरतो, आणि तुमची हाक त्याआधी त्याच्या कानात शिरली पाहिजे. म्हणून माझी पहिली कसोटी अशी की अंधारात, विहिरीवरची मोटर सुरू असताना, धाप लागलेल्या माणसाला ते नाव एका दमात तीनदा स्पष्ट उच्चारता यावे.

या कसोटीवर आपली जुनी नावे का उतरतात, ते पाहा. मोत्या, खंड्या, चंपी ही सगळी दोन अक्षरांत आटोपतात, त्यांच्यात एखादे तरी कठोर व्यंजन असते आणि शेवटी मोकळा स्वर असतो. 'मोत्याऽऽ' म्हणताना तोंड पूर्ण उघडते आणि शेवटचा 'आ' तुरीच्या पल्याड पोचतो. 'शेर' हे नाव लांबवायला जा, शेवटचा 'र' हवेत विरून जाईल. माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि कुत्र्याला साधारण ४५ हजार हर्ट्‌झपर्यंतचे, त्यामुळे क, ट, च यांसारख्या व्यंजनांचा तीक्ष्ण स्फोट त्याला चटकन वेगळा कळतो. रिओ आणि लूना या नावांत वाईट काहीच नाही, परंतु रिओमध्ये बहुतेक स्वरच आहेत आणि लूनामधली दोन्ही व्यंजने मऊ आहेत. घरात ती गोड लागतात, मात्र दोनशे पावलांवरून त्यांचा नुसता हेल ऐकू येतो.

पॅट्रिशिया मॅककॉनेल या प्राणीवर्तनतज्ज्ञांनी अनेक भाषांतल्या, प्राणी हाताळणाऱ्या माणसांच्या हाका ध्वनिमुद्रित करून त्यांचा अभ्यास केला होता. आखूड आणि पुन्हापुन्हा येणारे आवाज प्राण्याला हालचालीला प्रवृत्त करतात, आणि एकच लांबवलेला, उतरता आवाज त्याला थांबवतो, असे त्यांना आढळले. आपल्या बायाबापड्या पूर्वीपासून कुत्र्याला "यू यू यू" असे बोलावतात, ते या दृष्टीने अगदी योग्य आहे. तेव्हा नाव असे निवडा की झटपट तीनदा म्हटले तर कुत्रे तुमच्याकडे धावेल आणि लांबवून म्हटले तर जागच्या जागी थबकेल.

दोन पिल्लांच्या नावांची सुरुवात आणि शेवट ही दोन्ही वेगळी ठेवा. मोत्या आणि मोती अशी जोडी ठेवली तर एकाला मारलेली हाक दोघांनाही लागू पडते, आणि मग दोघेही ती मनावर घेत नाहीत. नावाने बोलावून कधीही मारू नका, बांधू नका, जंताचे औषधही पाजू नका. अशा कामासाठी आपण उठून त्याच्याजवळ जावे. पिल्ले तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढे ती दर वर्षी चुकवू नका. शेतावरच्या कुत्र्याला रानातल्या जनावराचा चावा केव्हा लागेल, हे सांगता येत नाही.

पारशिवनीचा शेतकरी

पर्यवेक्षक साहेबांनी सांगितलेले सगळे मला मान्य आहे. मी फक्त वाघ्या या एका नावाविषयी लिहितो, कारण ते नाव आमच्याकडे होते आणि आम्हाला ते बदलावे लागले.

आमचे शेत पेंचच्या जंगलापासून दूर नाही, आणि आपल्या बाजूला उमरेड-कऱ्हांडल्याचे जंगल आहे, म्हणजे परिस्थिती सारखीच. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर कापसाची वेचणी चालू होती. दिवस मावळायला आला होता, बाया शेवटच्या ओळींत होत्या आणि आमचा कुत्रा धुऱ्यापलीकडे कशावर तरी भुंकत होता. त्याला माघारी बोलावण्यासाठी माझ्या मुलाने जोरात हाक मारली. वाऱ्यामुळे म्हणा किंवा अंतरामुळे म्हणा, बायांच्या कानापर्यंत पोचला तो फक्त 'वाघ'. कुणीतरी किंचाळले आणि कमरेच्या ओट्या कापसासकट तिथेच टाकून सगळ्या घराच्या दिशेने पळाल्या. एक म्हातारी नालीत पडली आणि तिचा पाय मोडला. तिच्या उपचाराचा खर्च आम्ही केला, परंतु त्या दिवसानंतर ती पुन्हा कोणाच्याही शेतात वेचणीला गेली नाही, आणि तिच्या घराजवळून जाताना आजही मला अपराधी वाटते.

जंगलालगतच्या गावांत 'वाघ' ही जीव वाचवण्यासाठी द्यायची हाळी आहे. ती रोज कुत्र्यासाठी वापरली तर दोनच गोष्टी घडतात : लोक विनाकारण घाबरतात, किंवा लोकांना त्या हाळीची सवय होते आणि खरोखरच वाघ निघाला त्या दिवशी कोणी मान वर करून पाहत नाही. यांतली दुसरी गोष्ट अधिक भीतीदायक आहे. टायगर हे नावही याच कारणासाठी नको. आपल्या वडिलांना हे समजावून सांगावे. खंडोबाचीच आठवण ठेवायची असेल तर खंड्या हे नाव आहेच, आणि ते वाघ्याइतकेच जुने आहे.

संत्राबाग, काटोल

मी शेतकरी कुटुंबातली गृहिणी आहे आणि बागेवरची कुत्री बहुतांशी माझ्याच हाताखाली वाढली आहेत. दोन-तीन गोष्टी, ज्या सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत, त्या सांगते.

आपण कुत्र्याला अंगावर सोडताना 'छू' म्हणतो आणि हाकलताना 'हाड' म्हणतो, तेव्हा नाव या दोन्ही शब्दांच्या जवळ जाणारे नसावे. आमच्याकडे छोटू नावाचा कुत्रा होता. एकदा खत विकणारा एक मुलगा मोटरसायकलवरून बागेत आला, तेव्हा कुत्र्याला आवरण्यासाठी सासूबाईंनी घाईघाईने "छोटू, छोटू" अशा हाका मारल्या. त्या घाईतली पहिली 'छो' त्याला 'छू' वाटली असावी, कारण तो उलट झेपावला आणि त्या मुलाच्या पोटरीचा त्याने लचका तोडला. दोष कुत्र्याचा नव्हता. त्याने जे ऐकले, ते त्याने केले.

मिरची हे नाव ऐकायला फार गोड आहे, परंतु आपल्या शेतात मिरचीच पिकते. तोडणीच्या दिवसांत "मिरची आण, मिरची पसरव, मिरची झाका" असे दिवसभर कानावर पडत राहिले तर ती बिचारी किती वेळा धावत येईल, आणि किती दिवसांनी यायचे सोडून देईल, याचा विचार करावा. जो शब्द कामात रोज लागतो, तो नावासाठी घेऊ नये. घरी बैलजोडी असेल तर बैलांची नावेही तपासून पाहा, कारण बैल मोऱ्या आणि कुत्रा मोत्या असला तर डवरणीच्या वेळी पंचाईत होते.

आता जी गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते, ती सांगते. कुत्र्याचे नाव आजूबाजूच्या कोणत्याही माणसाचे नसावे, अगदी लाडाचेसुद्धा नसावे. आमच्या जुन्या कुत्र्याचे नाव राजा होते. पुढे जे सालगडी आमच्याकडे आले, त्यांना त्यांच्या घरी राजाच म्हणत. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण त्यांच्या लहान मुलाने एकदा आपल्या आईला विचारले की मालकीणबाई बाबाला हाड का म्हणतात, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकले. त्याच दिवसापासून आम्ही कुत्र्याला बंड्या म्हणू लागलो. भाकरीचा तुकडा देताना प्रत्येक वेळी नवे नाव घेतले, तेव्हा आठ-दहा दिवसांत तो त्या नावाला रुळला. रंगावरून काळू, काल्या अशी नावे ठेवतानाही हाच विचार करावा, कारण ते शब्द कोणाला तरी टोचण्यासाठी वापरलेले असतात.

आणि एक विचारू का? घरातल्या प्रत्येकाचे मत आपण लिहिले आहे. ज्यांना ही हाक रोज पहाटे आणि रात्री मारायची आहे, त्या सालगडी भाऊंचे आणि वहिनींचे मत मात्र त्यात कुठेच दिसले नाही.

जुन्या शेतीचा वाचक (धरमपेठ)

हा प्रश्न किती जुना आहे, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाचा रोमन शेतीलेखक होऊन गेला. त्याने शेतावरच्या कुत्र्यांविषयी लिहिताना नावांचीही चर्चा केली आहे. नाव फार लांब नसावे, म्हणजे कुत्रे हाकेला लवकर प्रतिसाद देते, परंतु ते दोन अक्षरांपेक्षा लहानही नसावे, असे तो सांगतो. त्याने दिलेल्या उदाहरणांत नरासाठी 'फेरॉक्स' म्हणजे उग्र आणि 'केलेर' म्हणजे चपळ ही नावे आहेत, तर मादीसाठी 'लुपा' म्हणजे लांडगीण आणि 'टिग्रिस' म्हणजे वाघीण. आपल्या वडिलांच्या वाघ्याला असे दोन हजार वर्षांपूर्वीचे भावंड आहे, हे त्यांना अवश्य सांगावे. पारशिवनीच्या शेतकरी बंधूंचे म्हणणे मात्र मला पूर्ण पटते, कारण कोलुमेलाच्या शेताच्या धुऱ्यावर खरा वाघ येत नव्हता.

त्याच लेखकाने असेही म्हटले आहे की घर राखणारे कुत्रे काळे असावे, कारण दिवसा ते चोराला अधिक भयंकर दिसते आणि रात्री त्याच्या नजरेला पडत नाही. आपली काळी मादी घराजवळ आणि भुरा नर तुरीकडे, अशी कामाची वाटणी करून पाहण्यासारखी आहे.

बांधावरची तूर (नागपूर)

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काटोलच्या ताईंनी विचारलेला प्रश्न मला लागला. ही गोष्ट मला सुचलीच नव्हती, आणि ती सुचायला हवी होती.

मागच्या शनिवारी शेतावर गेल्यावर मी वहिनींना विचारले. त्या आधी संकोचल्या, "तुम्ही ठेवाल तेच नाव," असे म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने सांगितले की मादीला त्या पंजावरच्या ठिपक्यावरून पहिल्या दिवसापासून टिकली म्हणतात. नराला त्या भुऱ्या म्हणत होत्या, परंतु शेजारच्या शेतातल्या मुलाला लोक भुऱ्या म्हणतात हे लक्षात आल्यावर त्यांनी ते आपणहून बंद केले होते, आणि गेल्या आठवड्यापासून तो बिननावाचाच होता. वडिलांना मी पारशिवनीचा प्रसंग वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या म्हातारीचा पाय पुढे बरा झाला का, असे त्यांनी विचारले, आणि खंड्या या नावाला होकार दिला.

पर्यवेक्षक साहेबांच्या सूचनेप्रमाणे रविवारी मोटर सुरू ठेवून हाका मारून पाहिल्या. मी विहिरीजवळून बोलावले, तेव्हा टिकलीने ठिबकची नळी चावणे थांबवून एक कान उभा केला आणि पुन्हा नळी तोंडात धरली. वहिनींनी ओसरीवरूनच "टिकली टिकली टिकली" म्हणताच ती नळी सोडून धावत सुटली, आणि तिच्यामागे खंड्याही.

पिल्ले आज तीन महिन्यांची झाली, म्हणून सुटी काढून दोघांनाही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीसाठी नेले. वहिनीही सोबत आल्या होत्या. कार्डावर नाव काय लिहायचे, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा मी काही बोलण्याआधी त्यांनीच दोन्ही नावे सांगितली, आणि 'टिकली'तला 'टि' ऱ्हस्व लिहिला आहे ना, हे वाकून पाहून घेतले.