मदत हवी आहे : जवस खाऊन आईचं पोट गच्च राहायलं, बंद करू का?

सेलूकर_८७
आईचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८. डॉक्टर म्हणाले लगेच गोळी नको, आधी खाण्यात बदल करा. मावशीनं जवस सांगितलं. दिवाळीपासून रोज चालू आहे. आता आईचं पोट साफ होईना, गच्च राहायलंय, अन् दिवसभर पेंगायली. नेटवर जिथं बघावं तिथं जवसानं पोट साफ होतं असंच लिहिलंय. मग हे उलटं का? प्रमाण किती पाहिजे एवढंच सांगा. लेक्चर नको, ड्युटीवर आहे.

खलबत्ता
कसं देताय? अख्खं का कुटून? चमचा केवढा? पाणी किती पितात? वय? दुसरं औषधपाणी?

करडईवाला
जवसाचं फॅड सोडा. घाण्याचं करडईचं तेल आणा. आमच्या घरी तीन पिढ्या तेच खातात, कुणाला कोलेस्टेरॉल नाही.

खलबत्ता
तपासलंय का कधी?

करडईवाला
तपासायची वेळच आली नाही ना!

सेलूकर_८७
अहो जसं देतात तसंच देतोय. वय ६१. प्रमाण सांगा.

अंबडची_सून
भाऊ, जसं देतात म्हणजे कसं? अख्खं जवस गिळलं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. साल टणक असते, कुटल्याशिवाय आतलं अंगी लागत नाही. जवस पाण्यात टाकून बघा, थोड्या वेळात बुळबुळीत होतं. तेच पोटात होतं, पण पाणी असलं तर. पाणी नसलं तर गोळा धरतो. एका मोठ्या चमचाभर पुडीत, म्हणजे ७ ग्रॅमात, साधारण २ ग्रॅम चोथा असतो. सवय नसलेल्या माणसाला लहान चमच्यापासून सुरू करायचं असतं.

सेलूकर_८७
पूडच आहे. अर्धा किलो एकदाच मिक्सरमधून काढून डब्यात भरून ठेवलीय. सकाळी दोन मोठे चमचे कोरडेच तोंडात टाकते अन् वर घोटभर चहा. पाणी जास्त पीत नाही, लघवीला सारखं उठावं लागतं म्हणते.

अंबडची_सून
झालं की मग! दोन मोठे चमचे अन् घोटभर चहा, पोट गच्च होणार नाही तर काय होईल? पेलाभर पाणी पाहिजे वर. अन् अर्धा किलो पूड कशाला करून ठेवली? जवसात तेल असतं, कुटलं की हवेनं खवट व्हायला लागतं. आठवड्यापुरतीच करा, फ्रिजमध्ये ठेवा.

निवृत्त_गुरुजी
आमच्या लहानपणी हरभऱ्यात जवसाचे पाटे असायचे. सकाळी रान निळंशार दिसायचं, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जायच्या. मग सोयाबीन आलं अन् जवस, करडई, कारळ सगळंच मागं पडलं. लातूरला तेलबिया संशोधन केंद्र आहे, जवसाची एलएसएल ९३ ही जात तिथलीच. पण पेरणार कोण?

खलबत्ता
गुरुजी, धागा आईच्या पोटाचा आहे.

निवृत्त_गुरुजी
पोट भरायचं तर आधी पेरावंच लागतं, बाळ.

ओमेगा_तीन
प्रमाण ३० ग्रॅम. कॅनडातला अभ्यास आहे, २०१३ ला छापून आला. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या लोकांना रोज ३० ग्रॅम जवसाची पूड दिली, सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी १० नं उतरला. मासे खायचीही गरज नाही, ओमेगा ३ जवसात भरपूर आहे.

तिखटजाळ
तो अभ्यास रक्तदाबाचा, इथं विचारलंय पोटाचं. शिवाय त्यांना पावात, मफिनात घालून द्यायचे, अन् बहुतेकांच्या गोळ्या चालूच होत्या. एलडीएल जवसानं थोडंफार उतरतं, जादू नाही. अन् माशांचं म्हणाल तर जवसातलं ओमेगा ३ वेगळं, शरीर त्यातलं अगदी थोडंच माशातल्या प्रकारात बदलतं.

ओमेगा_तीन
म्हणजे शाकाहारी लोकांनी काय करायचं? मरायचं?

तिखटजाळ
असं मी कुठं म्हटलं?

केस_दाट
जवस पाण्यात उकळा, गरम असतानाच गाळा, जेल तयार होतं. केसांना लावा. माझे केस गळायचे थांबले.

परभणी_ट्रान्सपोर्ट
पुडीची भानगडच नको. जवसाचं तेल रंगाच्या दुकानात मिळतं, लई स्वस्त. चमचाभर वरणात.

अंबडची_सून
अहो ते पाजू नका कुणाला!! ते फर्निचरला लावायचं तेल. लवकर वाळावं म्हणून त्यात धातूची रसायनं घालतात. खायचं तेल वेगळं, लाकडी घाण्याचं.

परभणी_ट्रान्सपोर्ट
आमच्याकडं कुणी प्यालं नाही, आपलं सुचलं म्हणून सांगितलं.

औषध_दुकान_हिंगोली
सेलूकर, खलबत्ता यांनी वर विचारलं होतं, त्याचं उत्तर दिलं नाही तुम्ही. आईला दुसरी कुठली गोळी चालू आहे का? पेंगायली म्हणालात म्हणून विचारतोय.

सेलूकर_८७
काही नाही. थायरॉइडची आहे फक्त, ती तर किती वर्षांपासून चालू आहे. सकाळी जवसाबरोबरच घेते, एकदाच काम होतं. पण माझा प्रश्न कोलेस्टेरॉलचा आहे.

खलबत्ता
देवा.

औषध_दुकान_हिंगोली
भाऊ, प्रश्न तोच आहे. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते, नंतर अर्धा ते एक तास काही खायचं नाही. तुम्ही तिच्याबरोबर दोन चमचे चोथा देताय. चोथा गोळीला धरून ठेवतो, अंगात कमी जाते. थायरॉइड कमी पडलं की काय होतं? पोट साफ होत नाही, झोप येते, अंग जड पडतं. आणि एलडीएल वाढतं. म्हणजे ज्यासाठी जवस सुरू केलं तेच वाढवून ठेवाल. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो) शेवटचा कधी केला?

सेलूकर_८७
मागच्या वर्षी केला असेल. कोलेस्टेरॉलच्या वेळी केला नाही, कुणी सांगितलंच नाही.

औषध_दुकान_हिंगोली
एलडीएल वाढलेलं निघालं की थायरॉइड बघायचंच असतं, त्यात आई आधीच गोळीवर. उद्या करून घ्या. तोपर्यंत जवस बंद ठेवलं तरी बिघडत नाही. रक्त पातळ करायची गोळी तर नाही ना? ती असली तर जवस डॉक्टरांना विचारूनच.

सेलूकर_८७
नाही, ती नाही.

काढा_प्रेमी
थायरॉइडची गोळीच बंद करा. धन्याचं पाणी सकाळ-संध्याकाळ. माझ्या चुलत्याची सुटली.

औषध_दुकान_हिंगोली
गोळी अजिबात बंद करू नका. काका, तुमच्या चुलत्यांचं तुम्हाला माहीत, पण या माउलीवर प्रयोग नको.

काढा_प्रेमी
दुकानदार गोळीच विकणार.

तिखटजाळ
महिनाभराची गोळी तुमच्या काढ्याच्या पुड्यापेक्षा स्वस्त पडते.

नवी_सदस्या
वहिनी पाच महिन्यांची गरोदर आहे, तिला जवसाचे लाडू दिले तर चालतील?

अंबडची_सून
ताई, वेगळा धागा काढा. तोवर लाडू नकोत, जवसात हार्मोनसारखी वागणारी द्रव्यं असतात, डॉक्टरांना विचारा.

सेलूकर_८७
टीएसएच आला. १४. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी तीच ठेवलीय, फक्त पहाटे पाण्याबरोबर. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा, त्याच वेळी एलडीएल पण. जवस द्यायचं तर दुपारच्या जेवणात, म्हणजे गोळीपासून लांब. प्रमाण अजूनही कुणी सांगितलं नाही बरं का.

अंबडची_सून
एक लहान चमचा, भाऊ! पोट बरं झाल्यावर. सोसलं तर हळूहळू मोठा चमचाभर. पुडीपेक्षा चटणी करा, आई आवडीनं खाईल. जवस मंद आचेवर, तडतड आवाज सुरू झाला की लगेच उतरवायचं, काळं पडलं की कडू. गार होऊ द्या. मग लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं, अगदी पीठ नाही करायचं. ज्वारीच्या भाकरीबरोबर, वरून तेल. अन् जेवताना तांब्या समोर ठेवा.

सेलूकर_८७
डब्यातली पूड आई टाकू देईना.

अंबडची_सून
वास घ्या. रंगाच्या डब्यासारखा आला तर त्यांना न विचारता टाका.

करडईवाला
वरून तेल करडईचंच.

परभणी_ट्रान्सपोर्ट
ताई, लसूण सोलून का सालीसकट?

अंबडची_सून
सालीसकट.