लग्नाला दुसरा फोटोग्राफर घ्यावा का?

गोदाकाठ
धाकट्या बहिणीचं लग्न आहे, नाशिकला, गोरज मुहूर्तावर. सकाळी हळद, संध्याकाळी लग्न, लगेच रिसेप्शन. सगळं एकाच कार्यालयात, माणसं साडेतीनशेच्या आसपास. फोटोग्राफर ठरलाय, त्याचं काम पाहिलंय, आवडलंय. एक फोटोवाला आणि एक व्हिडिओवाला, साठ हजार. आता तो म्हणतो, कँडिडला, म्हणजे पोझ न देता नकळत टिपलेल्या फोटोंना, अजून एक माणूस घ्या, वीस हजार वाढतील. आईचं म्हणणं, लग्न एकदाच होतं. बाबांचं म्हणणं, तेवढ्यात पंगतीला अजून एक गोड होईल. माझा कल 'घ्यावा'कडे आहे, पण बाबांना पटेल असं कारण सापडत नाहीये. दोन्ही बाजूंनी बोला.

शटरवाला
लग्नाची कामं करतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे असं समजूनच वाचा. घ्या. कारण एकच, अंतरपाट.

बाकीचे विधी थोडे थोपवता येतात. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, यांत गुरुजींना हात दाखवला की तेही क्षणभर थांबतात. बरेच जण सरावाने स्वतःच कॅमेऱ्याकडे बघून थांबतात! पण शेवटचं मंगलाष्टक संपतं, वाजंत्री सुरू होते, अंतरपाट दूर होतो आणि दोघं समोरासमोर येतात, ते कोणासाठी थांबत नाही. दोन-तीन सेकंदांचा खेळ. नवरीचा चेहरा दिसतो नवऱ्याच्या बाजूने, आणि नवऱ्याचा नवरीच्या बाजूने. एका माणसाला दोन्हीकडे उभं राहता येत नाही. पुढच्या क्षणी हार पडतात, मामा भाचीला उचलतात, गोंधळ सुरू.

हिशेबी_माणूस
मग समोर मधोमध उभं राहा की. दोघंही एका फ्रेममध्ये येतात. आमच्या आईबाबांच्या पिढीचे सगळे फोटो तसेच आहेत आणि कोणाचं काही अडलेलं नाही.

माझा विरोध नुसता पैशांना नाही. लग्नाला गेल्यावर पाहुण्यांना काय दिसतं ते सांगा. फोटोग्राफरच्या पाठी. ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कँडिड, सिनेमॅटिक, वर एक पोऱ्या एलईडीचा दांडा धरून. परवा एका लग्नात मी अक्षता टाकल्या त्या नेमाने एका कॅमेरावाल्याच्या टकलावर पडत होत्या. आशीर्वाद त्यालाच लागला असणार.

शटरवाला
हिशेबीसाहेब, पाठींबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण त्या पाठी दिसतात त्या बहुतेकदा एकटा माणूस सगळीकडे पळत असतो म्हणून. मधोमधून दोघांचे अर्धे अर्धे चेहरे मिळतात, डोळे मिळत नाहीत. म्हणून तो आधी या बाजूला जातो, मग त्या बाजूला, मग मध्ये. दोघं असले तर स्टेजवर चढायची गरजच नाही. स्टेजखाली दोन कोपऱ्यांत ७०-२०० ची लांबून टिपणारी लेन्स लावून उभं राहायचं. डावीकडचा उजव्या चेहऱ्यावर, उजवीकडचा डाव्या. मधली जागा पाहुण्यांना मोकळी.

कार्यालय लहान असेल, पहिली खुर्ची स्टेजला टेकलेली असेल, तर हे जमत नाही. अशा ठिकाणी मी स्वतः 'दुसरा नको' म्हणतो.

खडीसाखर
मी नवरीच्या बाजूने सांगते. आमच्याकडे दोघं होते आणि मला सगळ्यात आवडता फोटो अंतरपाटाचा नाहीच. मी गौरीहरापुढे बसले होते, पिवळी साडी नेसून. तेवढ्यात बाहेर बँड वाजला आणि खोलीतल्या सगळ्या मावश्या-काकू नवरदेव बघायला पळाल्या. उरलो मी, अन्नपूर्णा आणि आई. आई तोंडात पिन धरून माझ्या मुंडावळ्यांची गाठ सोडून परत बांधत होती, तिसऱ्यांदा, कारण नसताना. मुख्य फोटोग्राफर अर्थातच दारात, वरातीपुढे. दुसरी मुलगी होती ती खोलीतच थांबली. तिने तो फोटो काढला.

मुलगी होती हेही महत्त्वाचं बरं का. नवरीच्या खोलीत परक्या पुरुषाला किती वेळ उभं करणार?

हिशेबी_माणूस
खडीसाखरताई, फोटो सुंदरच असणार. पण दिवसभरात असे दोन ठिकाणी एकाच वेळी घडणारे प्रसंग किती? गोदाकाठ म्हणतायत की सगळं एकाच कार्यालयात आहे. हळदीचं बघा. आधी नवऱ्याला लागते, त्याची उष्टी हळद मग नवरीला जाते. म्हणजे परंपरेनेच एकापाठोपाठ एक. सीमांतपूजन एका जागी. रिसेप्शनला तर दोघं खुर्च्यांपुढे उभे आणि रांग लागलेली, तिथे दुसरा काय काढणार, आइस्क्रीमच्या काउंटरचे फोटो? राहिला तो तुमचा गौरीहर आणि अंतरपाट. मिळून अर्धा तास. अर्ध्या तासाचे वीस हजार.

आणि फोटो निवडायचे कोणी? आमच्या चुलतभावाला दोघांनी मिळून हजारोंनी फोटो दिले. त्याच्या मुलाचं बारसं झालं, लग्नाचा अल्बम अजून छापायचाच आहे.

वांगीभात
उष्टी हळदीचा मुद्दा बिनतोड. पण विहिणीची पंगत विसरलात. उखाणे, घास भरवणं, रांगोळ्या, हे सगळं चालू असतं तेव्हाच फोटोग्राफरलाही भूक लागलेली असते. सकाळी सातपासून उभा असतो बिचारा. दोघं असले की आळीपाळीने जेवतात. एकटा असला की एकतर तो उपाशी किंवा विहीणबाई फोटोविना. दोन्ही वाईट, दुसरं जास्त धोक्याचं.

आता काम की बात. वीस हजारांत येणारा 'दुसरा' नेमका कोण, ते विचारलंत का? अनेकदा तो शिकाऊ पोरगा असतो, कालपर्यंत लाइट धरणारा. तसं असेल तर त्याचे पैसे देऊ नका, हवं तर फुकट आणू दे. त्या माणसाने स्वतः काढलेलं एक पूर्ण लग्न बघायला मागा. इन्स्टावरचे निवडक दहा फोटो कामाचे नाहीत.

करारही वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक आपण असतो, पण करारात वेगळं ठरलं नसेल तरच. आणि करारात बरेच जण वेगळंच लिहून घेतात.

शटरवाला
शिकाऊंबद्दल सहमत, धंद्यातला असूनही. फक्त एक भर. एकटा माणूस घेणार असाल तर त्याच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर उतरतो का, आणि सोबत दुसरी बॉडी, म्हणजे जादा कॅमेरा, आहे का, हे विचारा. दुसऱ्या माणसाचा अर्धा उपयोग या विम्यासाठीच असतो.

गोरज मुहूर्त आहे, तेव्हा लॉनवर लग्न असेल तर उजेड भराभर उतरतो. तिथे मी दोघांचाच आग्रह धरीन. बंद हॉल असेल तर तेवढा नाही.

वांगीभात
अरे हो, आणि वरपक्षाचं काय? त्यांचा फोटोग्राफर येतोय का? आपल्याकडे निम्म्या लग्नांत दोन्हीकडचे आपापला आणतात.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. वांगीभात, तुमचं वाचून लगेच व्याह्यांना फोन लावला. त्यांचा फोटोग्राफर संगमनेरहून येतोय, महिन्यापूर्वीच ठरलाय. हॉल बंद आहे आणि आतून बऱ्यापैकी लांबलचकही. म्हणजे वीस हजारांचा माणूस आता बाद, बाबा खूश. पण दोन वेगळ्या पार्ट्यांचे फोटोग्राफर एका स्टेजवर भांडतील त्याचं काय?

हिशेबी_माणूस
भांडू देत, गोड पदार्थ खात आम्ही बघतो. काय ठरलाय, श्रीखंड की बासुंदी?

शटरवाला
भांडतात, जर मुहूर्ताला पहिल्यांदा भेटले तर. आदल्या दिवशी दोघांचे नंबर एकमेकांना द्या. वाटणी सोपी आहे. नवरीकडचा माणूस नवरीच्या चेहऱ्याच्या कोपऱ्यात, त्यांचा त्यांच्या. गौरीहराच्या वेळी तुमचा खोलीतून हलणार नाही, वरात त्यांच्याकडे. सकाळी दोघांच्या कॅमेऱ्यांची घड्याळं मिनिट-सेकंद जुळवून घ्यायला सांगा, नाहीतर नंतर दोन्हीकडचे फोटो क्रमाने लावताना सप्तपदीआधी गृहप्रवेश येतो. आणि फोटोंची देवाणघेवाण होईल हे आधीच व्याह्यांशी बोलून ठेवा. लग्नानंतर मागायला अवघड जातं.

गोदाकाठ
बासुंदी. नंबर आजच पाठवतो.