वॉल्ट्झ जंप : गिरकी होते, पण उडी होत नाही

नवशिकी

नमस्कार. मी गेले आठ महिने प्रौढांच्या वर्गात फिगर स्केटिंग शिकते आहे. दोन्ही दिशांचे क्रॉसओव्हर (वळणावर एक पाय दुसऱ्यावरून टाकत जाणे), एकाच पायावर पुढून मागे वळण्याचा थ्री टर्न आणि मागच्या बाहेरच्या एजवर (मागे सरकताना पात्याच्या बाहेरच्या कडेवर) थोडा वेळ तग धरणे इथपर्यंत मजल गेल्यावर सहा आठवड्यांपूर्वी वॉल्ट्झ जंप, म्हणजे अर्ध्या गिरकीची उडी, सुरू झाली आणि तिथेच माझे घोडे अडले आहे. मी घड्याळाच्या उलट दिशेने वळते, म्हणजे डाव्या पायाच्या पुढच्या बाहेरच्या एजवरून उडी घेऊन उजव्या पायाच्या मागच्या बाहेरच्या एजवर उतरायचे आहे. वळण पूर्ण होते, मात्र शरीर वर जातच नाही. उतरताना खर्रर्र असा मोठा आवाज होतो आणि दहापैकी सात-आठ वेळा डावा पायही लगोलग बर्फाला टेकतो. प्रशिक्षक "घाई करू नका, आधी वर जा" एवढेच सांगतात. वर्गात पंधरा जण असल्यामुळे प्रत्येकाकडे फार वेळ लक्ष देणे त्यांना शक्य नाही, हे मी समजू शकते. परंतु घाई नेमकी कुठे होते आहे, हेच मला कळत नाही. नुसती उंच उडी मारण्याचा प्रयत्न केला, तर तोल पुढे जातो. कोणत्या क्रमाने सराव करावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कडेलोट

तुमच्या वर्णनावरून माझा तर्क असा आहे की दोष हवेत नसून बर्फावर आहे, आणि त्याचा पुरावा तुम्हाला स्वतःलाच पाहता येईल. बर्फ नुकताच गुळगुळीत केलेला असेल, तेव्हा एका मोकळ्या कोपऱ्यात एकच उडी घ्या आणि परत जाऊन डाव्या पायाने ओढलेली रेघ वाकून पाहा. उडी बरोबर असेल, तर एक स्वच्छ, लांब कमान दिसते आणि तिच्या टोकाला टो पिकचा, म्हणजे पात्याच्या पुढच्या टोकावरील दात्यांचा, छोटासा ओरखडा असतो. त्यापुढे काहीही नसते. उडी चुकलेली असेल, तर कमानीच्या शेवटी रेघ एकदम आत वळून तिला आकडी पडलेली दिसते. अगदी ठळक चूक असेल, तर बर्फावर चक्क मराठी ३ उमटतो, कारण तुम्ही उडी न घेता जमिनीवरच थ्री टर्न मारलेला असतो. पाते आधीच मागे वळून गेल्यामुळे त्यानंतर वर ढकलण्यासाठी पायाखाली काही उरत नाही. गिरकी होते पण उडी होत नाही, असे तुम्ही म्हणता, त्याचे बहुधा हेच कारण आहे.

असे का होते, हे एकदा नीट समजले की निम्मे काम होते. वॉल्ट्झ जंपमध्ये फक्त अर्धी गिरकी आहे आणि तिच्यातला काही भाग वक्र रेषेवरून धावताना आपसूकच होऊन जातो. उरलेल्या वळणासाठी लागणारा वेळ आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ आहे. शरीर केवळ १० सेंटीमीटर वर गेले, तरी हवेत सुमारे ०.२९ सेकंद मिळतात आणि २० सेंटीमीटर वर गेले, तर सुमारे ०.४ सेकंद; अर्ध्या गिरकीला एवढा वेळ पुरेसा आहे. परंतु आपण मागे तोंड करून उतरणार आहोत, ही जाणीव मनाला अस्वस्थ करते आणि उजवा खांदा वेळेआधीच पुढे ओढला जातो. खांद्यामागे कंबर जाते, कंबरेमागे पाते जाते. हवेत गेल्यावर नवे वळण निर्माण करता येत नाही, हे खरे आहे. पण या उडीला लागणारे वळण कमान आणि मोकळ्या पायाची फेक यांतून मिळते, खांदे झटकून नव्हे.

आता प्रत्यक्ष कृती. उजव्या पायाच्या मागच्या बाहेरच्या एजवर शांतपणे सरका, तिथून वळून डाव्या पायाच्या पुढच्या बाहेरच्या एजवर पाऊल टाका आणि ते टाकतानाच डावा गुडघा खोल वाकवा. दोन्ही हात किंचित मागे असावेत आणि नजर कमान जिकडे जाते आहे तिकडे असावी, पायांकडे नव्हे. या अवस्थेत क्षणभर थांबावे लागते. हा थांबा नवशिक्यांना फार मोठा वाटतो, पाहणाऱ्याला तो जाणवतही नाही. त्यानंतर मागे असलेला उजवा पाय डाव्या पायाच्या अगदी जवळून पुढे येतो, गुडघा आधी आणि पाऊल नंतर, जणू एखादा उंच उंबरठा ओलांडायचा आहे. पुष्कळ जण हा पाय बाजूने गोल फिरवून आणतात. दार ढकलल्यासारखी ती हालचाल झाली, की खांदे फिरलेच म्हणून समजा. दोन्ही हात त्याच वेळी एकत्र पुढे छातीच्या उंचीपर्यंत येतात आणि डावा पाय सरळ होत जातो. भार पात्याच्या मधून चवड्याकडे आणि चवड्यावरून टोकाकडे सरकतो, आणि बर्फ सर्वांत शेवटी सोडतो तो टो पिक. टो पिकला घाबरून सपाट पात्यावरून उडणारे वर जात नाहीत, कारण घोट्याची शेवटची ढकल त्यांना मिळतच नाही.

सांभाळून पडा

कडेलोट यांचे निदान मला पटते, पण क्रम मी उलटा ठेवेन. ज्याला उतरण्याची भीती वाटते, तो उडताना घाई करणारच. म्हणून आधी उतरणे पक्के करावे. माझ्या शिक्षिकेने मला सुरुवातीला तीन आठवडे उडी मारूच दिली नव्हती आणि तेव्हा मी त्यांच्यावर मनातून चिडलो होतो.

सराव असा होता. मागे सरकत असताना दोन्ही पायांवरून जेमतेम बर्फ सुटेल एवढीच उडी घ्यायची, उजव्या पायावर उतरायचे आणि मागच्या बाहेरच्या एजवर मनात पाच आकडे मोजेपर्यंत तसेच राहायचे. डावा हात पुढे, उजवा हात बाजूला, डावा पाय मागे लांबवलेला, पाठ ताठ आणि उजवा गुडघा वाकलेला. पाच मोजून होण्याआधी दुसरा पाय टेकला, तर ती उडी मोजायची नाही. हाच सराव घरी जमिनीवर साध्या बुटांत अर्धे वळण घेऊनही करता येतो. तिथे एज नसते, पण भार पूर्णपणे उजव्या बाजूला नेण्याची सवय लागते. तुमचा डावा पाय टेकतो, त्याचे मूळ मला इथे दिसते. उडी डाव्या पायावरून होते आणि उतरायचे उजव्यावर असते, तेव्हा हवेत असतानाच उजवा खांदा, उजवी कंबर आणि उजवा पाय एका रेषेत यायला हवेत. शरीर दोन पायांच्या मध्ये लटकत राहिले, तर दोन्ही पाय टेकणारच.

खर्रर्र आवाजाविषयी एक खुलासा करतो. उतरताना आधी टोक टेकणे चूक नाही, उलट तेच योग्य आहे. आधी टोक टेकते आणि लगेच भार चवड्याखालच्या पात्यावर येऊन पाय मागे वाहू लागतो. आवाज लांबतो, याचा अर्थ तुम्ही टोकावरच अडकून राहता. गुडघा ताठ असणे आणि नजर खाली असणे ही त्याची दोन नेहमीची कारणे आहेत. मान खाली गेली, की छाती पुढे जाते आणि भार टोकावरून हलत नाही. योग्य उतरण्याचा आवाज "टक्" असा आखूड असतो आणि त्यानंतर फक्त पाते सरकल्याची बारीक सळसळ ऐकू येते.

चाळिशीनंतर

मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ही उडी शिकलो, म्हणून थोडे अनुभवाचे बोल. मला सर्वाधिक फरक वेगाने पडला. कठड्याजवळ जवळपास उभ्याने उडी मारत होतो, तोवर प्रत्येक वेळी थडकन आदळत होतो. दोन-तीन क्रॉसओव्हर घेऊन आलो, तेव्हा उतरल्यावर पाय आपोआप मागे वाहू लागला. दुसरे म्हणजे बूट तपासा. भाड्याच्या बोथट पात्यावर बाहेरची एज धरता येत नाही आणि दोष आपण स्वतःला देत बसतो. याउलट बुटाचे वरचे हुक फार आवळले, तर घोटा वाकत नाही आणि घोटा वाकला नाही, तर गुडघाही वाकत नाही.

कडेलोट

वेगाबद्दल अंशतः सहमत आहे. उभ्याने सराव केल्यास कमान तयारच होत नाही आणि मग वळण खांद्यातून आणण्यावाचून पर्याय उरत नाही, हे बरोबर आहे. मात्र ज्याच्या रेघेला आकडी पडते, त्याने वेग वाढवला, तर तीच चूक अधिक जोरात होते. मी आधी रेघ सुधारेन, मग वेग वाढवेन. त्यासाठी एक मधला सराव उपयोगी पडतो : सगळी तयारी करा, डाव्या एजवर पाऊल टाका, उजवा पाय उंबरठा ओलांडल्यासारखा पुढे आणा, पण उडू नका. त्याच कमानीवर, तसेच पुढे तोंड करून, उजवा गुडघा वर ठेवून सरकत राहा. पाते वळले नाही, तर खांदे जागेवर आहेत. असे सलग पाच वेळा जमले, की सहाव्या वेळी त्याच हालचालीतून बर्फ सोडा.

उतरणे आधी शिकावे, हे सांभाळून पडा यांचे म्हणणे मला मान्य आहे. दोन्ही सराव एकाच दिवशी करता येतात.

या उडीवर प्रशिक्षक इतका वेळ का घालवतात, असा प्रश्न पुढे कधीतरी पडेल, म्हणून जाता जाता सांगतो. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वॉल्ट्झ जंपला स्वतंत्र गुण नसतात. परंतु गुण मिळणाऱ्या सहा प्रमुख उड्यांपैकी पुढे तोंड करून घेतली जाणारी एकमेव उडी म्हणजे अ‍ॅक्सेल, आणि ती वॉल्ट्झ जंपमध्ये एक पूर्ण गिरकी मिळवून होते. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पाउलसेन यांनी ती १८८२ मध्ये व्हिएन्नामध्ये करून दाखवली. अमेरिकेच्या इलिया मालिनिनने २०२२ मध्ये स्पर्धेत पहिल्यांदा यशस्वी केलेली साडेचार गिरक्यांची अ‍ॅक्सेलही याच पुढच्या बाहेरच्या एजवरून सुरू होते. इथे लागलेली खांद्याची खोड तिथे सोडवणे फार जड जाते.

नवशिकी

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी पहिल्या सत्रात रेघा पाहिल्या. सहा उड्यांपैकी चारांच्या शेवटी स्पष्ट ३ होता आणि उरलेल्या दोनांना आकडी. स्वतःची चूक अशी लिहून ठेवलेली दिसल्यावर मला आधी हसू आले. न उडण्याचा सराव वाटला त्यापेक्षा कठीण निघाला. पहिल्या दहा प्रयत्नांत मी प्रत्येक वेळी वळून गेले. अर्ध्या तासाने सलग तीन वेळा जमले, तेव्हा एकदा उडून पाहिले. उंची फार नव्हती, पण आवाज आखूड आला आणि डावा पाय टेकला नाही. आता अडचण अशी आहे की उतरल्यावर मी बाहेरच्या एजवर न राहता जवळजवळ सरळ रेषेत मागे जाते. हा नवा दोष समजावा का?

सांभाळून पडा

नवा नाही, आधी तो झाकलेला होता. उतरल्यावर डावा खांदा मागे जात असेल, तर वळण थांबत नाही आणि पाते सपाट होते किंवा आतल्या एजवर पडते. उतरताक्षणी डावा हात पुढेच रोखून धरा आणि उजव्या कंबरेवर उभे आहोत अशी जाणीव ठेवा. पाच आकडे मोजणे सोडू नका. पुढच्या वेळी उजव्या पायाची रेघही पाहून कळवा. ती बाहेरच्या बाजूला वळलेली दिसली, की मग वेग वाढवायला हरकत नाही.