अनुभव धागा : अतिवेगाचे ई-चलान चुकून आपल्या नावावर आले तेव्हा

२०२३ मध्ये माझ्या चारचाकीच्या नावे अतिवेगाबद्दल २,००० रुपयांचे ई-चलान आले. त्यात नोंदवलेल्या वेळी गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती आणि मी रजा घेऊन घरीच होतो. ‘भरून टाक आणि मोकळा हो,’ असे घरातल्या तिघांनी सांगितले. मी भरले नाही. पहिली तक्रार फेटाळली गेली, दुसरी मान्य झाली. ज्यांनी असे चलान लढवले, किंवा लढवायचे ठरवून मध्येच सोडले, त्यांनी फोटोत काय पाहिले, सोबत कोणती कागदपत्रे जोडली आणि शेवटी काय झाले, एवढे येथे लिहावे, अशी विनंती आहे. व्यवस्थेच्या नावाने बोटे मोडण्यासाठी इतर जागा पुष्कळ आहेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. पहिल्या तक्रारीत मी ‘सदर चलान चुकीचे आहे, कृपया रद्द करावे’ असे एकच वाक्य लिहिले होते. ते फेटाळले गेले याचे आता मला आश्चर्य वाटत नाही. त्यानंतर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवरील फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. गाडीचा रंग आणि बनावट तीच होती, परंतु छतावर सामान बांधण्याचा कॅरिअर होता. माझ्या गाडीला तो कधीच नव्हता. खरी गंमत नंबरप्लेटवर होती. माझ्या क्रमांकात जेथे ८ आहे, तेथे त्या गाडीचा ३ होता. पाटी बसवताना मारलेला एक स्क्रू नेमका त्या ३ च्या उघड्या बाजूस आला होता आणि त्यातून खाली उतरलेल्या गंजाच्या ओघळाने उरलेली फटही बुजवून टाकली होती. यंत्राने त्याला ८ म्हटले यात यंत्राचाही फार दोष नाही. दुसऱ्या तक्रारीसोबत माझ्या गाडीचे चारही बाजूंचे फोटो, नोंदणीपुस्तकाची प्रत, त्या महिन्याचा फास्टॅगचा उतारा आणि त्या अंकाभोवती लाल वर्तुळ काढलेला फोटो जोडला. चलान रद्द झाले.

सातारा

माझ्या स्कूटरच्या क्रमांकावर चलान आले आणि फोटोत सहाचाकी ट्रक होता. तक्रारीत दोन ओळी लिहिल्या, काम झाले. याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही. फक्त चलान आल्याचा संदेश वाचून थेट ‘पैसे भरा’वर बोट ठेवू नये, आधी फोटो उघडावा.

ठाणे

वरील दोघे सुदैवी म्हणावे लागतील, कारण माझ्या प्रकरणात फोटोतला क्रमांक अक्षरशः माझाच होता. मॉडेल तेच, रंग तोच. मी कधी गेलोच नाही अशा जिल्ह्यातून सहा महिन्यांत तीन चलाने आली, तेव्हा कोणीतरी माझ्या क्रमांकाची पाटी करून फिरत आहे हे लक्षात आले. पोलीस ठाण्यात सुरुवातीस केवळ अर्ज घेऊन पोच देण्यात आली. मी तीच पोच तक्रारीला जोडली, परंतु ‘क्रमांक जुळतो’ एवढ्याच कारणाने तक्रार परत आली.

शेवटी फरक सापडला तो पाटीतच. माझी गाडी २०१९ च्या ऑगस्टमधली असल्यामुळे तिला विक्रेत्याकडूनच उच्च सुरक्षा पाटी बसवून मिळाली आहे : डाव्या कडेला अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात आयएनडी ही अक्षरे आणि खाली लेझरने कोरलेला कायम क्रमांक. फोटोतील पाटीची डावी कड कोरी पांढरी होती. हे दाखवणारे दोन फोटो शेजारी शेजारी छापून, तिन्ही दिवसांच्या कार्यालयीन हजेरीच्या नोंदीसह मी वाहतूक शाखेत प्रत्यक्ष गेलो. तेथील हवालदारांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला आणि ‘साहेब, हे आधी का नाही दाखवलंत?’ असे विचारले. तिन्ही चलाने रद्द झाली आणि पुढे गुन्हाही नोंदवला गेला. ती दुसरी गाडी सापडली की नाही, हे मला आजवर कोणी कळवलेले नाही.

नाशिक (व्यवसायाने वकील)

‘मी तेथे नव्हतो’ आणि ‘मी होतो, पण वेगात नव्हतो’ हे दोन वेगळे बचाव आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. पहिल्यासाठी वरील पुरावे पुरतात. दुसऱ्यासाठी मोजणी करणाऱ्या उपकरणाबद्दलच प्रश्न विचारावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६ अ आले आणि त्याखालील नियम १६७ अ ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित झाला. उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र असावे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, कॅमेऱ्याची सूचना देणारा फलक रस्त्यावर असावा, नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवावी आणि निकाल लागेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवावी, अशा अटी त्यात घालण्यात आल्या. २०२३ मध्ये एका पक्षकारासाठी मी फक्त प्रमाणपत्राची प्रत मागितली होती. ती वेळेत सादर झाली नाही आणि प्रकरण तेथेच संपले. प्रत्येक वेळी असे होईलच, असे मी मुळीच म्हणणार नाही.

लोकअदालतीबाबत लोकांचा हमखास गैरसमज होतो. तेथे तडजोड होते. तुमची चूक होती की नव्हती याचा निवाडा होत नाही, आणि तेथील निर्णयावर अपीलही नाही. २०२३ च्या सुमारास पद्धत अशी होती : ज्याला चलान मुळातूनच अमान्य आहे, त्याने आभासी न्यायालयाच्या (व्हर्च्युअल कोर्ट, जेथे चलानाची प्रकरणे ऑनलाइन चालतात) संकेतस्थळावर दंड भरण्याऐवजी हरकतीचा पर्याय निवडायचा. मग प्रकरण नियमित न्यायालयाकडे जात असे आणि तारखेला हजर राहावे लागे.

पनवेल

माझा अनुभव उलटा आहे आणि तोही नोंदवला जावा, असे वाटते. द्रुतगती मार्गावर सपाटीला चारचाकीसाठी १०० ची मर्यादा असताना माझे चलान ११४ चे होते. मी काटा १०० वरच होता, असे शपथेवर सांगायला तयार होतो. तक्रारीचा मजकूर लिहूनही झाला होता, तेव्हा शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी आठवण करून दिली की ‘सातपर्यंत पोहोचायलाच हवं’ हे वाक्य त्या दिवशी मी तीन वेळा म्हणालो होतो. शिवाय काटाच चुकला म्हणावे, तर गाडीतील काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी नाही. म्हणजे त्या बचावात मुळात दमच नव्हता. दंड भरला.

लेस्टर, इंग्लंड

येथे नोटीस १४ दिवसांत नोंदणीकृत मालकाकडे पोहोचावी लागते. परंतु गाडी भाडेकराराची असेल, तर तो मालक म्हणजे भाड्याने देणारी कंपनी. माझ्या हाती पत्र पाचव्या आठवड्यात आले आणि मी मुदत उलटल्याच्या आनंदात होते, तो व्यर्थ ठरला. चालक कोण होता हे २८ दिवसांत कळवणे बंधनकारक असते, ते आधी कळवले, कारण ते न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. मग फोटो मागवले. त्या जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्याने अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो घेतले होते आणि रस्त्यावर पाच-पाच फुटांवर पांढऱ्या रेघा आखलेल्या होत्या. मी पट्टी घेऊन मोजले : दोन फोटोंमध्ये माझी गाडी चार रेघा पुढे सरकली होती, म्हणजे ताशी सुमारे २७ मैल, मर्यादा होती ३०. शेजारच्या मार्गिकेतील व्हॅन मात्र सहा रेघांहून पुढे गेली होती. हे गणित एका पानावर मांडून पाठवले. प्रकरण मागे घेतल्याचे दोन ओळींचे पत्र आले, दिलगिरीचा शब्द त्यात नव्हता.

इचलकरंजी (मालवाहू पिकअपचा मालक)

आपण सर्वांनी लिहिलेले मी सावकाश वाचले. माझ्या चलानाच्या फोटोत माझी पिकअप डाव्या मार्गिकेत आहे आणि उजवीकडून एक कार पुढे जात आहे. गाडीत सुताचे बाचके भरलेले असताना ती त्या वेगाने पळूच शकत नाही, हे कोणताही चालक सांगेल. मी तक्रार केली, ती फेटाळली गेली. पुन्हा करण्यासाठी वाहतूक शाखेत जावे लागणार होते, आणि तो वार नेमका बाजाराचा निघाला. एका दिवसाचे भाडे आणि माणसाचा पगार धरला, तर तो खाडा दंडापेक्षा महाग पडत होता. मी पैसे भरले. फोटो मात्र मोबाइलमध्ये ठेवला आहे. तो मोठा करून पाहायचा असतो, हे मला हा धागा वाचेपर्यंत ठाऊक नव्हते. आत्ता पाहिला, तर माझ्या पिकअपचे ब्रेकचे लाल दिवे पेटलेले दिसत आहेत.