लीग ऑफ फ्रेंड्सचा इतिहास लिहिताना: स्थापनावर्ष, शिलिंगातले हिशेब आणि हरवलेली नावं

दप्तरदार

इंग्लंडमधल्या एका छोट्या गावच्या रुग्णालयासाठी निधी जमवणाऱ्या 'लीग ऑफ फ्रेंड्स'चा चाळीसेक पानांचा इतिहास तयार करायचा आहे. हाताशी आहेत १९४९ पासूनच्या इतिवृत्तांच्या वह्या (१९५७ ते १९६१ ची वही गायब), सगळ्या रोकडवह्या, एक कात्रणवही आणि खोकंभर फोटो. एकाही फोटोमागे नाव नाही.

गंमत म्हणजे १९४९ च्या पहिल्याच हिशेबात 'मागील शिल्लक ११२ पौंड ८ शिलिंग ३ पेन्स' असं लिहिलंय. संस्था नवी, मग मागील शिल्लक कुठली? स्थापनावर्ष १९४९ लिहावं की नाही? शिवाय आजवर रुग्णालयाला एकूण किती दिले, तो आकडा मुखपृष्ठावर टाकायचा समितीचा आग्रह आहे. तो कसा काढतात?

जुनी_वही

ही मागील शिल्लक तुमच्या सगळ्या खोक्यातला सर्वांत बोलका पुरावा आहे.

५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि देणग्यांवर चालणाऱ्या रुग्णालयांच्या इमारती, खाटा, उपकरणं सरकारकडे गेली. वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या मोठ्या रुग्णालयांना आपल्या ठेवी राखता आल्या. बाकीच्यांच्या ठेवी एका मध्यवर्ती निधीत वळल्या. पण गावातल्या बायकांच्या मंडळाने स्वतःच्या नावावर वेगळं खातं ठेवलं असेल, तर तो पैसा रुग्णालयाचा नव्हताच. तो मंडळाकडेच राहिला. तुमचे ११२ पौंड बहुधा अशाच एखाद्या जुन्या मंडळाचे असतील.

अशा मंडळांची नावं शोधायची तर 'लिनन लीग', 'लिनन गिल्ड', 'लेडीज कमिटी' या शब्दांनी शोधा. लिनन लीगची वर्गणी पुष्कळदा कापडात असे: चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, रुग्णांचे अंगरखे, दरवर्षी अमुक नग. 'पाउंड डे'ला लोक पौंडभर वजनाची वस्तू किंवा पौंडभर रोकड आणून देत. त्यामुळे १९४८ आधीच्या कामाचा हिशेब नुसता पैशात मांडलात तर निम्मं काम दिसणारच नाही. नगांचा तक्ता वेगळा द्या. रुग्णालयाच्या जुन्या वार्षिक अहवालांच्या शेवटच्या पानांवर 'साभार पोच' म्हणून हे नग छापलेले असतात.

स्थापनावर्षाचं म्हणाल तर दोन गोष्टी तपासा: पैसा तोच आहे का, आणि पदाधिकारी तेच आहेत का. जुन्या मंडळाने विसर्जनाचा ठराव करून शिल्लक नव्या संस्थेला दिली असेल, तर लीग १९४९ ची आणि जुनं मंडळ तिचं पूर्वरूप. ठराव नुसता नाव बदलण्याचा असेल तर संस्था तीच. जुलै १९४८ ते १९४९ अखेरचं स्थानिक साप्ताहिक चाळा, अशा सभांची बातमी सहसा छापून यायची. अशा गटांची राष्ट्रीय संघटना १९४९ मध्येच उभी राहिली, त्यामुळे त्या सुमाराला जुन्या मंडळाने नुसता नवा फलक लावला असणं अगदी शक्य आहे.

धर्मादाय नोंदणीची तारीख मात्र स्थापनेची तारीख म्हणून वापरू नका. ती नोंदवही १९६० च्या चॅरिटीज कायद्याने सुरू झाली, त्याआधीच्या सगळ्या संस्था तिथे नंतरच्या तारखेने दिसतात. कितीतरी स्मरणिकांत हा घोळ छापलेला आहे.

आणि कृपा करून पहिली वीस पानं एकोणिसाव्या शतकाला देऊ नका. १८५९ मध्ये सरी परगण्यातल्या क्रॅन्ली इथे पहिलं कॉटेज हॉस्पिटल (गावातलं छोटं रुग्णालय) निघालं, त्याच साली बर्मिंगहॅमला चर्चमधून रुग्णालयांसाठी 'हॉस्पिटल संडे' नावाचा निधी गोळा होऊ लागला, १८७० च्या दशकात लंडनच्या कामगारांचा 'हॉस्पिटल सॅटर्डे' आला, १९१२ मध्ये राणी अलेक्झांड्राच्या नावाने कागदी-कापडी गुलाब विकणं सुरू झालं. एका परिच्छेदात उरकतं.

रोकडमेळ

आता आकड्यांचं बघू. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्स. १५ फेब्रुवारी १९७१ पासून १०० पेन्स. तुमची शिल्लक घ्या: ८ शिलिंगांचे ९६ पेन्स, त्यात ३ मिळवले की ९९, ९९ भागिले २४० म्हणजे ०.४१२५. झाले ११२.४१ पौंड. घाईत लोक ११२.८३ टाइप करतात, आणि एकदा ते कोष्टकात गेलं की पुढे कुणाला सापडत नाही. पौंड, शिलिंग, पेन्स असे तीन रकाने ठेवा आणि चौथ्यात सूत्र लावा. वर्गणीच्या यादीत 'गिनी' दिसली तर ती २१ शिलिंगांची, म्हणजे १.०५ पौंड.

मुखपृष्ठावरच्या आकड्याबद्दल समितीला आधीच सावध करा. तो फुगतो, आणि ठरलेल्या जागीच फुगतो:

निधीसाठी भरवलेल्या जत्रेची जमा एकूण गोळा झालेली असते, खर्च दुसऱ्या पानावर. तंबू, छपाई, लॉटरीची बक्षिसं वजा केल्याशिवाय ती 'मिळकत' नाही. चहाच्या टपरीचं तर विचारूच नका. तिथे गल्ला मोठा दिसतो, पण माल भरायचा खर्च कापला की हाती थोडंच उरतं.

चालू खात्यातून ठेवखात्यात हलवलेली रक्कम काही खजिनदार दोन्हीकडे जमा दाखवत.

हिशेबाचं वर्ष डिसेंबर अखेरवरून मार्च अखेरवर आणलं असेल तर एक 'वर्ष' तीन किंवा पंधरा महिन्यांचं निघतं. आलेखात तो उंचवटा पाहून कुणीतरी त्यावर परिच्छेद लिहितं.

सगळ्यात मोठा घोटाळा ठराव आणि देणगी एकच धरण्याचा. क्ष-किरण यंत्रासाठी मार्चमध्ये ठराव होतो, धनादेश नोव्हेंबरात निघतो, आणि कधी निघतच नाही. कारण यंत्र फुकट मिळालं तरी दुरुस्ती, फिल्म, चालवणारा माणूस हा खर्च रुग्णालयाच्या माथी असतो आणि व्यवस्थापन नको म्हणतं. म्हणून प्रत्येक वस्तूसमोर तीन तारखा हव्यात: ठराव, धनादेश, वॉर्डात आली ती. पहिली इतिवृत्तात, दुसरी रोकडवहीत, तिसरी आभारपत्रात किंवा रुग्णालय समितीच्या इतिवृत्तात सापडते. तीनपैकी दुसरी नसेल तर ती वस्तू बेरजेत धरू नका.

१९८० नंतर आणखी जपा. त्या साली कायदा बदलून आरोग्य प्राधिकरणांना स्वतः निधी गोळा करायची मुभा मिळाली. लीगने त्यांच्या निधीला पैसे दिले आणि त्यातून यंत्र आलं, तर तेच यंत्र दोन्हीकडच्या यादीत असतं.

महागाईचं गणित करायचंच असेल तर वर्षावर्षाची रक्कम किरकोळ किंमत निर्देशांकाने वेगवेगळी बदलून मग बेरीज करा. आधी बेरीज आणि मग एका आकड्याने गुणाकार, हे चुकीचंच.

कात्रणवाली

@रोकडमेळ, महागाईवर मी असहमत. निर्देशांकाने बदललेला आकडा नेमका दिसतो, पण वाचकाला काही सांगत नाही. त्याच वहीतली त्याच वर्षीची दुसरी नोंद शेजारी ठेवा: अमुक जत्रेची निव्वळ मिळकत म्हणजे त्या साली रुग्णांच्या खाटांसाठी घेतलेले इतके हेडफोन. हे कुणालाही कळतं आणि चुकायला जागा नाही.

नावांबद्दल. इतिवृत्तात बायका 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं नाव अशा लिहिलेल्या असतील. इतिहासात तसंच उतरवलं तर तीस वर्षं चिटणीसपद सांभाळणारी बाई स्वतःच्या नावाशिवाय राहते. मतदारयाद्यांत पत्त्यावरून शोधा, तिथे बाईचं स्वतःचं नाव असतं. सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदणी जास्त उपयोगाची: त्यात जन्मतारीख आणि व्यवसाय आहे, आणि नंतर लग्न झालेल्या कितीतरी बायकांचं नवं आडनाव त्याच ओळीवर लिहिलेलं सापडतं.

फोटोंना पेनाने हात लावू नका. मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, फक्त क्रमांक घाला. नावं वेगळ्या वहीत. फोटो ६०० डीपीआयने टिफमध्ये स्कॅन करा, इतिवृत्तांना ३०० पुरे. गंजलेल्या पिना काढा, रबरबँड काढा, पण कात्रणवहीतली चिकटपट्टी ओढू नका; वरचा छापलेला थर तिच्याबरोबर निघतो. ओळख पटवायला जुन्या सभासदांना मूळ फोटो दाखवू नका, मोठी प्रत छापून चेहऱ्यांना आकडे द्या. दोन जणांनी एकमेकांना न विचारता तेच नाव सांगितलं तर पक्कं, एकानेच सांगितलं तर 'बहुधा' लिहा. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराचा शिक्का मागे असेल तर छापण्याआधी परवानगी लागेल. हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतात.

फोटोत खाटेवर रुग्ण असेल आणि चेहरा ओळखू येत असेल तर तो फोटो बाजूला ठेवा. जुना आहे म्हणून चालतं असं नाही.

दप्तरदार

तीन तारखांचा तक्ता आजच सुरू करतो. पण १९५७ ते १९६१ चं काय? रोकडवही आहे, ठराव नाहीत.

जुनी_वही

त्या काळात रुग्णालय ज्या 'हॉस्पिटल मॅनेजमेंट कमिटी'खाली होतं तिची इतिवृत्तं परगण्याच्या अभिलेखागारात असायला हवीत. नॅशनल आर्काइव्ह्जच्या सूचीत रुग्णालयाच्या नावाने शोधलं की कुठे ठेवलीत ते कळतं. या समित्या १९७४ च्या फेररचनेत गेल्या, त्यामुळे १९७४ पर्यंतचे कागद एका नावाखाली आणि पुढचे जिल्हा किंवा एरिया हेल्थ अथॉरिटीच्या नावाखाली मिळतात. इतिवृत्तात 'भेटवस्तू व देणग्या' असा विषय शोधा. जाण्याआधी ईमेलने विचारून घ्या, कारण ज्या खंडात रुग्णांची नावं आहेत तो शंभर वर्षं बंद असू शकतो. त्या वेळी बंद नसलेली पानं पाहता येतील का, हे विचारायला हरकत नाही.

तिथे असाल तेव्हा १९६२-६३ चे कागदही काढा. १९६२ च्या हॉस्पिटल योजनेत मोठी जिल्हा रुग्णालयं उभारून लहान बंद करायचा बेत होता. त्या वर्षांत लीगच्या रोकडवहीत टपाल आणि छपाईचा खर्च एकदम चढलेला दिसला, तर ती निधीची नाही, रुग्णालय वाचवायची मोहीम असेल, आणि तिचा मजकूर आरोग्यमंत्र्यांना पाठवलेल्या पत्रांच्या प्रतीत मिळेल.